‘ऑपरेशनशिवाय काही आहे का?’ : प्रोस्टेटबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाभोवती असणारी पुरुषांची ग्रंथी. ती वाढल्यावर होणाऱ्या लघवीच्या तक्रारींवर गेल्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहे: ‘डॉक्टर, ऑपरेशनशिवाय काही आहे का?’ आहे, आणि एकापेक्षा जास्त आहे. गेली २७ वर्षं मी याच आजाराचे रुग्ण बघते आहे. मी शिकत होते तेव्हा गोळ्या आणि दुर्बिणीचं ऑपरेशन (मूत्रमार्गातून आत जाऊन वाढलेली ग्रंथी खरवडून काढणं) यांच्या मधली जागा जवळपास रिकामी होती. ती आता भरली आहे. म्हणूनच निवड करणं अवघड झालंय, आणि घाईने चुकीचा उपाय गळ्यात पडायची शक्यताही वाढली आहे. काही पत्रं निवडली आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

प्रश्न : वय ६१, निवृत्त शिक्षक. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४६ ग्रॅम, लघवी झाल्यावर ७० मिली शिल्लक राहते. तीन वर्षं टॅम्सुलोसिन घेतोय. धार बरी आहे, पण पटकन उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. एक डॉक्टर म्हणाले वाफ देऊ, दुसरे म्हणाले क्लिपा लावू, तिसरे म्हणतात दुर्बिणीचं ऑपरेशनच करून टाका. कुणाचं ऐकू?

सर, तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असू शकतं. आधी अंधारीचं बघू. टॅम्सुलोसिनने प्रोस्टेटमधले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल पडतात, त्याबरोबर काहींचा रक्तदाबही उतरतो. बसल्यावर आणि उभं राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजून घ्या. ब्लडप्रेशरची दुसरी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणखी एक, जे सांगायचं हमखास राहून जातं: पुढेमागे मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर ही गोळी घेतल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा, बंद केलेली असली तरी. हिच्यामुळे डोळ्यातला रंगीत पडदा सैल पडतो आणि ऑपरेशनच्या वेळी त्रास देतो. आधी माहीत असेल तर ते तशी तयारी ठेवतात.

आता ४६ ग्रॅम. हा आकडा ऐकून लोक धास्तावतात, कारण तरुणपणी ही ग्रंथी २०-२५ ग्रॅमची असते. मी ओपीडीत पेन मुठीत धरून दाखवते. पेन म्हणजे मूत्रमार्ग, मूठ म्हणजे प्रोस्टेट. मूठ बाहेरून केवढी दिसते यापेक्षा ती आतून पेनाला किती आवळते ते बघायचं असतं. ३० ग्रॅमची ग्रंथी माणसाला रडकुंडीला आणते आणि ९० ग्रॅमची कधी कधी गुमान बसून असते. त्यामुळे सोनोग्राफीच्या जोडीला दोन गोष्टी हव्यात. एक, सात प्रश्नांची लक्षणांची गुणपत्रिका. तिच्यात ० ते ३५ गुण असतात: ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० आणि त्यावर तीव्र. दुसरी, धारेचा वेग मोजणारी युरोफ्लो. ही करताना किमान १५० मिली लघवी व्हायला हवी, नाहीतर आलेख फसवा येतो. सेकंदाला १० मिलीपेक्षा कमी धार असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो.

वाफेच्या उपायाला रेझूम म्हणतात. अमेरिकेत त्याला २०१५ साली मान्यता मिळाली. मूत्रमार्गातून दुर्बीण आत जाते, तिच्यातून बारीक सुई प्रोस्टेटमध्ये शिरते आणि साधारण १०३ अंश सेल्सिअसची वाफ ९ सेकंद सोडली जाते. मग सुई मागे, सेंटीमीटरभर पुढे, पुन्हा ९ सेकंद. मी हे सेकंद मोठ्याने मोजते. टेबलावरच्या माणसाला ‘आठ, नऊ, झालं’ हे ऐकू आलं की त्याची आवळलेली बोटं सुटतात. उकळत्या पाण्यापेक्षा वाफ जास्त भाजते, हे ज्याने कुकरचं झाकण घाईत उघडलंय त्याला ठाऊक आहे: वाफेचं पाणी होताना एका ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तीच इथे कामाला येते. वाफ पेशींच्या फटींतून पसरते, थंड होता होता उष्णता सोडते आणि वाढलेल्या भागातल्या पेशी मरतात. पुढचं काम शरीर करतं. मेलेल्या पेशी हळूहळू शोषल्या जातात, त्याला काही आठवडे ते तीन महिने लागतात.

या ‘हळूहळू’ची नीट कल्पना रुग्णाला दिली जात नाही, अशी माझी तक्रार आहे. वाफ दिल्यावर ग्रंथी आधी सुजते. तीन-चार दिवस ते आठवडाभर लघवीची नळी ठेवावी लागते. नळी निघाल्यावरही काही दिवस जळजळ, घाई, लघवीत थोडं रक्त. ‘पहिल्यापेक्षा वाईट झालं’ असं म्हणत तिसऱ्या आठवड्यात येणारे रुग्ण मी बघितले आहेत. त्यातले बहुतेक तिसऱ्या महिन्यात हसत आले. ही कल्पना आधी दिलेली असली तर मधले दिवस निभावतात.

क्लिपा म्हणजे युरोलिफ्ट, मान्यता २०१३ ची. यात काही कापत नाहीत, जाळत नाहीत. गादीत टाके घालून कापूस जागच्या जागी दाबून बसवतात, साधारण तसं. प्रोस्टेटच्या बाहेरच्या आवरणावर एक बारीक टेकू, आतल्या बाजूला दुसरा, मध्ये ताणलेला धागा. असे चार ते सहा बसवले की दोन्ही बाजूंचे फुगवटे मागे ओढले जातात आणि मधली वाट मोकळी होते. फरक दोन आठवड्यांत जाणवतो, नळी बहुतेकांना लागत नाही किंवा एखादा दिवस लागते. पण ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयात वर डोकावत असेल तर हा उपाय अवघड होतो, आणि खूप मोठ्या ग्रंथीला तो पुरत नाही. वाफेचाही मुख्य अभ्यास ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथींवरच झालेला आहे.

आता दुर्बिणीच्या ऑपरेशनशी, म्हणजे टीयूआरपीशी तुलना. त्याने लक्षणांचे गुण सरासरी १५ च्या आसपास उतरतात, वाफेने आणि क्लिपांनी १०-११ ने. धारेतला फरक तर टीयूआरपीत बराच जास्त. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात क्लिपा लावलेल्या १०० जणांपैकी १३-१४ जणांना पुन्हा काही करावं लागलं, वाफ दिलेल्यांपैकी ४-५ जणांना. हे दोन वेगवेगळे अभ्यास आहेत, त्यामुळे आकडे शेजारी शेजारी ठेवून लगेच विजेता ठरवू नका. पण ‘एकदा केलं की कायमचं’ असं कुणी म्हणत असेल तर हे आकडे पुढे ठेवा.

तुमची ग्रंथी मध्यम आहे, शिल्लक लघवी फार नाही. दुर्बिणीतून एकदा आत बघून मधला भाग वाढलेला नाही ना, हे ठरवून घ्या. वाढलेला असेल तर क्लिपांचा विचार माझ्या मते सोडा. नसेल तर प्रश्न एवढाच: आठवडाभर नळी आणि महिनाभर कुरकुर चालेल का? चालत असेल तर मी वाफेकडे झुकेन. लगेच कामाला लागायचं असेल आणि पाच-सात वर्षांनी पुन्हा टेबलावर जायची तयारी असेल तर क्लिपा. आणि ‘मला उत्तम धार हवी, परत यायचं नाही’ असं मनात असेल, तर तिसऱ्या डॉक्टरांचं ऐका.

प्रश्न : माझे पती ५४ वर्षांचे आहेत. रात्री तीन-चारदा उठतात, प्रवासाला निघायचं म्हटलं की घाबरतात. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, पण ‘त्यानंतर पुरुष राहत नाही’ असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय. या विषयावर ते माझ्याशीही बोलत नाहीत. तुम्हीच लिहा.

ताई, बरं झालं लिहिलंत. हे उत्तर त्यांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा.

यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ताठरता येणं ही एक आणि वीर्य बाहेर पडणं ही दुसरी. टीयूआरपीने ताठरतेला सहसा धक्का लागत नाही, कारण त्या नसा ग्रंथीच्या बाहेरून जातात. बदलतं ते वीर्यपतन. सुखाच्या क्षणी मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं, म्हणून वीर्य पुढे येतं. ऑपरेशनमध्ये ते तोंड रुंद होतं आणि वीर्य मागे मूत्राशयात जातं, नंतर लघवीबरोबर निघून जातं. टीयूआरपी झालेल्या दर तिघांपैकी दोघांना किंवा त्याहून जास्त जणांना हे होतं. त्याने अपाय काही नाही. पण मूल हवं असेल तर अडचण, आणि काही पुरुषांना ते मनाला फार लागतं.

किती लागतं, हे मी एका रुग्णाकडून शिकले, आणि चूक माझी होती. प्रॅक्टिसच्या सुरुवातीची वर्षं. रुग्ण तुमच्या पतींच्याच वयाचा. ऑपरेशन छान झालं, धार दुप्पट. तीन महिन्यांनी तो तपासणीला आला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आणि खाली बघत म्हणाला, ‘आधी सांगितलं असतं तर मी विचार केला असता.’ संमतीच्या कागदावर ती ओळ होती, त्याची सही होती. पण मी तोंडाने एक शब्द बोलले नव्हते. बाई डॉक्टर, त्याला संकोच वाटेल, असं मीच ठरवून टाकलं होतं. त्यानंतर प्रोस्टेटच्या प्रत्येक रुग्णाला मी यंत्राचं नाव काढायच्या आधी विचारते: वीर्यपतन जसं आहे तसं राहणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे? शक्य असेल तर पत्नीसमोर विचारते, तिचंही मत असतं.

तुमच्या पतींच्या दृष्टीने हे महत्त्वाचं असेल तर वाट बंद नाही. युरोलिफ्टमध्ये ते जसंच्या तसं राहतं. वाफेनंतर क्वचितच बिघडतं. आयटिंड नावाचा आणखी एक उपाय आहे, अमेरिकेतली मान्यता २०२० ची: स्प्रिंगसारखी बारीक तारेची चौकट मिटून आत सोडतात, ती उघडते आणि घड्याळातल्या १२, ५ आणि ७ या आकड्यांच्या जागी ग्रंथीवर दाब देत बसते. पाच ते सात दिवसांनी ती काढून घेतात, तोवर त्या तीन रेषांवर खाचा पडून वाट रुंदावलेली असते. आत काहीच शिल्लक राहत नाही. त्या दिवसांत ओटीपोटात दडपण आणि घाई जाणवते, हेही ऐकून ठेवा. खाऱ्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ग्रंथी आतून कोरणारं अ‍ॅक्वाब्लेशनही आहे. सोनोग्राफीवर आधी आराखडा आखतात आणि यंत्र त्याप्रमाणे चालतं. त्यात दहापैकी सुमारे नऊ जणांचं वीर्यपतन टिकतं. पण त्याला कंबरेखालची किंवा पूर्ण भूल लागते आणि रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून त्याला मी ‘छोटा उपाय’ म्हणत नाही.

एक बघा: ते सायलोडोसिन ही गोळी घेत असतील तर तिच्यानेही काहींचं वीर्य बाहेर येणं थांबतं, आणि गोळी थांबवली की पूर्ववत होतं. कदाचित त्यांची भीती तिथूनच आली असेल.

प्रश्न : बाबा ७८ वर्षांचे. हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. प्रोस्टेट १३० ग्रॅम. लघवी तुंबली म्हणून दोन महिन्यांपासून नळी आहे. भूलतज्ज्ञ ऑपरेशनला कचरतात. नळी कायमचीच राहणार का?

असं गृहीत धरू नका. पण सर्वांत आधी: त्या गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. स्टेंट अलीकडचा असेल तर तो बंद पडू शकतो. किती दिवस थांबवता येतील, येतील की नाही, हे हृदयाचे डॉक्टर सांगतील.

वाफ आणि क्लिपा १३० ग्रॅमला पुरणार नाहीत. तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत. पहिला प्रोस्टेटच्या रक्तवाहिन्या बंद करण्याचा. हे काम मूत्ररोगतज्ज्ञ करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रेवर बघत रक्तवाहिन्यांतून उपचार करणारे डॉक्टर करतात. जांघेतून किंवा मनगटातून केसासारखी बारीक नळी धमनीत सरकवत प्रोस्टेटला रक्त देणाऱ्या फांदीपर्यंत नेतात आणि वाळूहून बारीक कण सोडून ती फांदी बुजवतात. दोन्ही बाजूंना. जागा बधिर करून होतं, पूर्ण भूल लागत नाही, आणि मूत्रमार्गाला हात लागत नाही. गेल्या पंधरा-सतरा वर्षांत ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या डॉक्टरांनी हा उपाय रुजवला. ग्रंथी महिन्यांच्या हिशोबाने आटत जाते, त्यामुळे नळी लगेच निघेल असं समजू नका. धारेतला फरकही ऑपरेशनइतका नसतो.

अडचण वयाची आहे. या वयात धमन्या नागमोडी आणि कडक झालेल्या असतात, कधी त्या फांदीपर्यंत पोचताच येत नाही. म्हणून आधी रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी अँजिओग्राफी. तिच्यातलं औषध मूत्रपिंडावर ताण देतं, म्हणून त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी. आणि हे काम नेहमी करणाराच माणूस शोधा. कण भलतीकडे, मूत्राशयाच्या किंवा गुदाशयाच्या रक्तवाहिनीत गेले तर तिथे जखम होते. क्वचित होतं, पण होतं.

दुसरा रस्ता लेसरचा. होलेप या पद्धतीत वाढलेला भाग आवरणापासून पूर्ण सोडवून, मूत्राशयात ढकलून, तिथे बारीक करून बाहेर ओढतात. न्यूझीलंडमध्ये नव्वदच्या दशकात ही पद्धत आकाराला आली. ग्रंथी कितीही मोठी असो, चालते, आणि रक्तस्राव कमी. भूल मात्र लागते. कंबरेखालची भूल आणि लेसर असं जमेल का, हे भूलतज्ज्ञांना पुन्हा विचारा. ‘ऑपरेशन करू का’ असं विचारलं तर ‘नको’ म्हणणं सोपं असतं. ‘तासा-दीड तासाचं लेसर, कंबरेखाली भूल, कमी रक्तस्राव’ असं नेमकं विचारलं की उत्तर बदललेलं मी बघितलंय.

यातलं काहीही करण्याआधी मूत्राशयात जोर शिल्लक आहे का, ते युरोडायनॅमिक तपासणीने बघून घ्या. स्नायूच थकला असेल तर दार उघडूनही उपयोग होत नाही.

प्रश्न : वय ६६. रात्री चार वेळा उठतो, दिवसा काही तक्रार नाही, धार चांगली. प्रोस्टेट ४० ग्रॅम. वाफेचा उपाय करून घेऊ का?

अजिबात नको. आधी तीन दिवस नोंद ठेवा. मापाचं भांडं घ्या, प्रत्येक वेळी वेळ आणि मिली लिहा. माझ्या एका रुग्णाने कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे पेन्सिलीने असा तक्ता आणला होता. दिवसभरात ८०० मिली आणि रात्री ९५०. तेवढ्या एका पानाने निदान झालं. तुमच्या वयात चोवीस तासांतल्या लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त लघवी झोपेच्या वेळात होत असेल, तर दोष प्रोस्टेटचा नाही, रात्री लघवी जास्त तयार होण्याचा आहे. संध्याकाळी पायांना सूज येते का, जोरात घोरता का, रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, साखर किती, झोपताना पाणी किती पिता, हे बघायला हवं. त्या माणसाला झोपेत श्वास अडण्याचा आजार निघाला. त्याच्या प्रोस्टेटला आम्ही हातही लावला नाही.

प्रश्न : वाढलेल्या प्रोस्टेटचा पुढे कॅन्सर होतो का?

नाही. ही साधी वाढ मूत्रमार्गाभोवतीच्या भागात होते, कॅन्सर बहुधा बाहेरच्या भागात उगवतो. पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात. टीयूआरपीत आणि होलेप लेसरमध्ये काढलेला तुकडा प्रयोगशाळेत तपासला जातो. वाफ, क्लिपा आणि रक्तवाहिनी बंद करण्यात तुकडा मिळतच नाही. म्हणून त्याआधी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय तपासणारी रक्ताची चाचणी, आणि गुदद्वारातून बोटाने तपासणी झालेली हवी. प्रोस्टेट आटवणाऱ्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या गोळ्या सहा महिन्यांहून जास्त घेत असाल तर पीएसए निम्मा दिसतो, हे रिपोर्ट वाचणाऱ्याला सांगा.

प्रश्न : वय ६९. पाच वर्षं जोर लावूनच लघवी होते, आता झोपेत थेंब थेंब गळते. शिल्लक लघवी ४८० मिली, क्रिएटिनिन २.१, मूत्राशयात खडा आहे. ऑपरेशनची भीती वाटते. क्लिपा किंवा वाफेने भागेल का?

काका, तुमचं पत्र वाचून मी बाकीची बाजूला ठेवली. नाही, भागणार नाही, आणि तुम्हाला कुणी ‘भागेल’ म्हणालं तर उठून या. हे उपाय ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी आहेत.

झोपेत गळणं म्हणजे मूत्राशय काठोकाठ भरून वाहतंय. वर क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे दाब मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असू शकतो. वर्षानुवर्षं अडथळ्याविरुद्ध झगडलेलं मूत्राशय दुर्बिणीतून कसं दिसतं ते सांगते. निरोगी मूत्राशयाची भिंत गालाच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत असते. तुमच्यासारख्यांत ती आडव्यातिडव्या दोरखंडांची होते, दोरखंडांच्या मध्ये खोल खळगे, आणि खळग्यात साचलेली लघवी. पुढे हे दोरखंडही सैल पडतात आणि मग परत जोर धरत नाहीत. मूत्रपिंडाला पोचलेला त्रास, मूत्राशयात खडा, वारंवार जंतुसंसर्ग, वारंवार रक्त जाणं, नळी काढली की पुन्हा तुंबणं: यातलं एक जरी असलं तरी अडथळा पूर्ण काढण्याच्याच ऑपरेशनचा विचार करायचा. तुमच्याकडे दोन आहेत.

भीती ऑपरेशनची वाटते ना, तर पहिलं पाऊल ऑपरेशनचं नाहीच. उद्याच जवळच्या मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करा आणि नळी घालून घ्या. दाब उतरला की बहुतेकांचं क्रिएटिनिन काही दिवसांत खाली येऊ लागतं, आणि ते स्थिरावल्यावर शांतपणे टीयूआरपी की लेसर ते ठरवता येतं. खडा त्याच वेळी फोडून काढता येतो. तोवर सर्दीची गोळी कुणाला न विचारता घेऊ नका. नाक मोकळं करणारी औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात. नळी घातल्यावर पहिल्या दिवशी लघवी इतकी होऊ शकते की पिशवी तासातासाला रिकामी करावी लागते. इतके दिवस अडलेली मूत्रपिंडं मोकळी झाली की असं होतं. त्या दिवशी दवाखान्यातच राहा, किती झाली ते लिहून ठेवायला सांगा. चोवीस तासांत ती ओसरली नाही तर सलाईन आणि क्षारांची तपासणी लागेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.